संघ हलवला नॉर्बर्टने

पोर्ट हार्लनमध्ये ‘मालक’ ही शिवी आहे. कुणी मध्येच गाडी घातली की मागचा माणूस काच खाली करून ओरडतो, “ए मालक!” आणि मग दोघंही खाली उतरून बाह्या सारायला लागतात. ही शिवी गावात रुजवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी नॉर्बर्ट स्लाडेककडे जातं. हल्ली त्याच्यासमोर कुणी ती उच्चारली की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. नाडी नसलेले बूट असले तरी वाकतो.

हॅमर्स हा गावाचा फुटबॉलचा संघ. त्याच्या मालकाने तो एका हिवाळ्यात उचलला आणि वाळवंटातल्या एका चकचकीत शहरात नेऊन ठेवला. तिकडे त्याला छप्पर असलेलं नवं स्टेडियम मिळालं. इकडे गावाला मिळाला तो एवढाच प्रश्न, की रविवारच्या दुपारी आता करायचं काय. बायकांनी पहिले काही रविवार नवऱ्यांकडून छपराच्या पन्हळी साफ करून घेतल्या, पण पन्हळी तरी किती वेळा साफ करणार!

नॉर्बर्ट हा तसा शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखणारा गरीब माणूस. कुणाचा पाय त्याच्या पायावर पडला तरी सॉरी तोच म्हणायचा. पण संघ गेला आणि या माणसाच्या अंगात वारं शिरलं. त्याने हॅमर्सची अंत्ययात्रा काढायचं ठरवलं. एल्मर हुडाक हा त्याचा शाळासोबती, अंत्यविधीचा धंदा करणारा. त्याने दुकानातली नमुन्याची शवपेटी दिली, ओरखडा येणार नाही या अटीवर. मग परवानगी काढायला नॉर्बर्ट पोलिसांच्या खिडकीशी गेला.

“प्रेत कुणाचं?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“संघाचं.”

“मृत्यूचं कारण?”

“मालक.”

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. त्यांच्या नवऱ्यानेही पन्हळी साफ केलेल्या होत्या. अंत्ययात्रेला हजारो लोक आले, सगळ्यांनी डोक्यावर वाण्याच्या कागदी पिशव्या घातल्या होत्या, डोळ्यांच्या जागी भोकं पाडून. संघाची लाज वाटली की इथले चाहते असंच तोंड लपवतात. टीव्हीवर दाखवलं. नॉर्बर्ट पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगायचा, “डावीकडून तिसरी पिशवी. तो मी.”

शिवाय तो मालकाची नक्कल फार झकास करायचा. मालकाने संघ नेताना नाकातून एक भाषण केलं होतं, “माझ्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण निर्णय आहे.” बारसं असो, लग्न असो, नॉर्बर्टला खुर्चीवर चढवायचे आणि म्हणायचे, “होऊ दे मालक!” लोक हसून हसून टेबलं बडवायचे. आयुष्यभर ज्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, त्या माणसाला गावात ही एवढी एक जागा मिळाली होती.

आणि याच माणसाने एक संघ हलवला.

झालं असं. सेंट बार्बराच्या चर्चखाली तळघर आहे, आणि तळघरात बॉलिंगच्या चार लेन. आसपासच्या चर्चांची मिळून एक लीग आहे, दर गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी कुणाच्या तरी तळघरात खेळायला जातं. सेंट बार्बराचा संघ म्हणजे बार्बरा बुलडॉग्ज. नॉर्बर्टचे वडील कप्तान होते म्हणून नॉर्बर्ट कप्तान. खेळ म्हणाल तर बेताचाच. कुठल्याही वर्षी त्यांनी कुणाला घाबरवल्याचं ऐकिवात नाही.

तळघरातलं यंत्र मात्र भयंकर होतं. चेंडूने पाडलेल्या पिना पुन्हा उभ्या करायच्या आणि चेंडू परत पाठवायचा एवढंच त्याचं काम, पण म्हातारं झाल्यापासून ते चेंडू गिळायला लागलं होतं. नॉर्बर्टचा निळा चेंडू एका गुरुवारी आत गेला तो आलाच नाही. पुढे एका बाप्तिस्म्याच्या जेवणात, कुणी मागितला नसताना, गडगडत बाहेर आला आणि थेट केकच्या टेबलाखाली गेला.

सल्ले द्यायला सगळे होतेच. शेजारचा गस पेट्रिक, आगीच्या बंबावरचा निवृत्त जवान, संघातला सर्वांत जोरात चेंडू टाकणारा. तो म्हणाला, “लाथ घाल. डाव्या बाजूने. सगळी यंत्रं डाव्या बाजूने ऐकतात.” नॉर्बर्टने लाथ घातली. यंत्राने ऐकलं नाही, पण नॉर्बर्टचा अंगठा चर्चच्या पायऱ्या उतरताना बराच काळ ऐकवत राहिला. एल्मर हुडाक म्हणाला, “ओढाताण नको. त्याला शांतपणे जाऊ द्या.” धंद्याने माणसाचा स्वभाव कसा बनतो पाहा. फादर अँब्रोज म्हणाले की यंत्राची कंपनी केव्हाच बंद पडली, सुटे भाग मिळत नाहीत, आता प्रार्थना तेवढी करता येईल. आणि तीही केली.

अशा वेळी ब्रेंट आला. हमरस्त्यालगत नवीन बॉलिंग ॲली उघडली होती, ‘गॅलक्सी लेन्स’, तिचा हा तरुण मॅनेजर. इतके सरळ, पांढरे दात पोर्ट हार्लनमध्ये फक्त दंतवैद्याच्या भिंतीवर होते.

“मिस्टर स्लाडेक,” तो म्हणाला, “तुमच्यासारख्या संघाने तळघरात खेळावं?”

‘तुमच्यासारख्या’ हा शब्द नॉर्बर्टसाठी आजवर कुणी वापरला नव्हता. तो तिथेच अर्धा विकला गेला. उरलेला अर्धा जॅकेटवर गेला. गडद निळं सॅटिनचं जॅकेट, छातीवर सोनेरी दोऱ्याने ‘नॉर्बर्ट’, पाठीवर ‘गॅलक्सी बुलडॉग्ज’. शिवाय हंगामभर चीज घातलेले नाचोज फुकट.

“आणि तुमचे प्रेक्षक?” ब्रेंटने विचारलं. “ते येतील ना तुमच्याबरोबर?”

“आम्हाला कुठले प्रेक्षक!” नॉर्बर्ट हसून म्हणाला. “वरच्या स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या विणकाम घेऊन खाली बसतात. ऊब असते ना.”

त्या म्हाताऱ्यांत त्याची स्टेफी आत्या होती. आई कारखान्यात रात्रपाळीला असायची तेव्हा याच आत्याने नॉर्बर्टला वाढवलं, त्याचं नाक पुसलं, त्याचे पाढे घेतले. ती चर्चच्या मागच्याच गल्लीत राहते, गाडी चालवत नाही, आणि हमरस्त्याकडे बस जात नाही. ही शेवटची गोष्ट गावात नॉर्बर्टइतकी कुणालाच पक्की ठाऊक नव्हती. पण गुरुवार आणि आत्या या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत. भिंत दिसते का आपल्याला रोज?

मार्लीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याने जॅकेट दाखवलं. तिने दोऱ्याच्या कामावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “नॉर्ब, हे तू सगळ्यांना सांगितलंस?”

“सांगेन ना. योग्य वेळी.”

“हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय. नाकातून.”

झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढतो ना आपण, श्वास रोखून, एकेक बोट सोडवत, तसा त्याने संघ काढायचं ठरवलं. लीगच्या कचेरीत अर्ज दिला. कारण काय, तर ‘सध्याच्या जागी सुविधा अपुऱ्या’. चर्चची सही हवी होती. फादर अँब्रोज बॉयलरच्या विम्याचे कागद पुढ्यात घेऊन चष्मा शोधत होते, नॉर्बर्टने आपला कागद त्यात सरकवला. फादरांनी चष्मा सापडायच्या आतच सही करून टाकली, आणि वर म्हणाले, “तू आहेस म्हणून या तळघरात जरा जाग आहे, बाळा.” नॉर्बर्ट बाहेर आला तेव्हा थंडी होती, तरी त्याचे कान तापले होते.

ईस्टर झाल्यावर हळूच सांगायचं असा बेत होता. पण गसला जॅकेट मिळालं आणि गसला दम कुठला! तो रविवारी प्रार्थनेला तेच घालून आला. प्रसाद घ्यायला रांगेत उभा राहिला, वेदीपुढे वाकला, आणि मागच्या सगळ्या बाकांनी त्याची पाठ नीट वाचली.

नंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि डोनट होते, पण डोनटला कुणी हात लावला नाही. मिसेस कोवाच, स्वयंपाकघराच्या मुख्य, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “काय ते बोल बाबा आता.”

नॉर्बर्ट खुर्चीवर चढला. आवाज आपोआप नाकात गेला.

“माझ्या आयुष्यातला,” तो म्हणाला, “हा सर्वांत कठीण निर्णय आहे.”

हॉल खदखदून हसला. “होऊ दे मालक!” कुणीतरी ओरडलं. लोकांनी टेबलं बडवली. नॉर्बर्ट घामाघूम झाला.

“नाही, खरंच. संघाच्या भवितव्याचा विचार करता... चाहत्यांनी समजून घ्यावं...”

लोक आणखी हसले. इतकी हुबेहूब नक्कल त्याने कधीच केली नव्हती. मग पुढच्या टेबलाचं हसणं थांबलं, मग त्यामागच्या, असं करत ते दाराशी जाऊन संपलं. कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. नॉर्बर्ट खुर्चीवर उभाच. चढणं सोपं असतं, उतरताना कुठला पाय आधी टाकायचा ते सुचत नाही.

“नॉर्ब,” मार्लीन म्हणाली, “ये खाली.”

आत्या कोपऱ्यात बसली होती. विणकाम पिशवीत घालून, कोट चढवून, सावकाश निघून गेली.

“संघ ने,” मिसेस कोवाच म्हणाल्या. “नाव नाही मिळायचं. नाव, रंग आणि भिंतीवरचे फोटो आमचे. तुझ्या बापाच्या फोटोसकट.”

मिसेस कोवाच नुसत्या बोलून थांबल्या नाहीत, लीगच्या कचेरीत जाऊन त्यांनी ते मान्य करून घेतलं. ब्रेंटला सगळ्या जॅकेटांवरून ‘बुलडॉग्ज’ उसवावं लागलं. सॅटिनला सुईची भोकं राहतात. त्यामुळे पाठीवर वर सोनेरी ‘गॅलक्सी’ आणि खाली भोकांचं ‘बुलडॉग्ज’, उन्हात उभं राहिलं की आणखीच ठळक वाचता यायचं.

नव्या जागेतला पहिला सामना. रंगीत दिवे, गाणी, गुण मोजणारा पडदा. आणि त्यांच्या लेनमागे खुर्च्यांची रांग, त्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका, डोक्यावर कागदी पिशव्या घालून. डोळ्यांची भोकं फाडलेली नव्हती, कापून त्यांना लेसची किनार लावली होती. त्यांना आणलं होतं एल्मरने, शोक करणाऱ्या नातेवाइकांसाठीच्या लांब काळ्या गाडीतून.

“तू?” नॉर्बर्ट कळवळून म्हणाला. “तू आमच्या संघात आहेस ना?”

“धंदा आहे बाबा,” एल्मर बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. “मिसेस कोवाचनी स्वतःचं आधीच ठरवून ठेवलंय माझ्याकडे. ओकची पेटी. अशा गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही.”

पिशव्या ओरडल्या नाहीत, घोषणा नाहीत. नुसत्या बसून राहिल्या आणि नाचोज खात राहिल्या. हात खालून आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. नॉर्बर्टने टाकलेला प्रत्येक चेंडू कडेच्या पन्हळीत गेला. पडद्यावर दर वेळी एक कार्टून माकड येऊन रडायचं, ही त्या पडद्याची एक खास सुविधा.

नॉर्बर्ट चेंडू पुसायच्या निमित्ताने खुर्च्यांच्या रांगेपुढून गेला. तो बूट बघत होता. आत्याचे बूट तपकिरी, डाव्याला टाचेपाशी ठिगळ. ते कुठेच नव्हते.

“आत्या नाही आली?” त्याने हळूच विचारलं.

“नाही म्हणाली,” एका पिशवीतून मिसेस कोवाच बोलल्या. “म्हणे, मी कशाला तोंड लपवू?”

ते रडणारं माकड त्या क्षणापर्यंत नॉर्बर्टला परकं वाटत होतं, आता आपल्यातलंच वाटायला लागलं.

रविवारी तो सफरचंदाचा केक घेऊन आत्याकडे गेला. आत्याने केक घेतला, कापला, त्यालाच वाढला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“चिडलीस?” त्याने विचारलं.

“कुणावर?”

“आत्या, मी येतो ना दर गुरुवारी गाडी घेऊन. तुला नेतो, आणून सोडतो. तिथे खुर्च्यांना गादी आहे.”

“तिथे काय बघू? पडदा?”

“मग इथे काय बघायचीस? आम्ही तर हरायचोच.”

“हरून वर आलात की तुम्हाला भूक लागायची,” आत्या म्हणाली. “तुझ्या बापाला लागायची, तशीच तुला. गुरुवारी सकाळी उठलं की मला माहीत असायचं, आज पीठ किती मळायचं.”

नॉर्बर्टने केकचा तुकडा तोंडात घातला.

“त्या दातवाल्या पोराने कोवाचला सांगितलं,” आत्या पुढे म्हणाली. “तुम्हाला प्रेक्षक नाहीत म्हणालास.”

“तसं नव्हतं गं...”

“तू त्या मालकाला शिव्या घालायचास ना, मला फार मजा यायची. पण तो कोण, कुठला, कधी पाहिला नाही. अशा माणसाला शिव्या घालता येतात.” तिने सुरी पुसून ठेवली. “तुला कशा घालू, ते मला जमत नाहीये. म्हणून मी गप्प आहे. खा.”

सोमवारी नॉर्बर्ट लीगच्या कचेरीत हजर. संघ परत न्यायचा आहे म्हणाला. तिथल्या बाईंनी नियम काढला. एका हंगामात एकदाच जागा बदलता येते. बसगाड्यांचं वेळापत्रक एकदा छापलं की बदलता येत नाही असं नॉर्बर्टने स्वतः किती आयांना ऐकवलं असेल! आज त्याला त्या सगळ्या आया आठवल्या.

“आणि तशीही ती जागा भरली,” बाई म्हणाल्या. “बार्बरा बुलडॉग्ज म्हणून नवा संघ आलाय. सगळ्या बायकाच दिसतायत. कप्तान मिसेस कोवाच. पुढच्या महिन्यात तुमचा त्यांच्याशी सामना आहे. त्यांच्या घरी.”

त्या सामन्याच्या गुरुवारी नॉर्बर्ट सेंट बार्बराच्या तळघरात उतरला, तो सॅटिनचं जॅकेट घालून. घालणं लीगच्या नियमात होतं. उंबऱ्याशी फादर अँब्रोजनी त्याला पाहुण्यांचा बाक दाखवला. बॉयलरशेजारचा. “इकडे स्वच्छतागृह आहे,” असंही सांगितलं. त्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर नॉर्बर्टने लहानपणी, दार लागून आत अडकलेला असताना, नखाने स्वतःचं नाव कोरलेलं होतं.

आत्या खेळत होती. गुडघ्यांच्या मधून, दोन्ही हातांनी, अंड्यांची टोपली ठेवावी तसा ती चेंडू ठेवायची आणि सोडून द्यायची. तो इतका सावकाश जायचा की मधे लोक एकमेकांच्या मुलांची चौकशी करून घ्यायचे. शेवटचा चेंडू तिने असाच सोडला. तो डावीकडे झुकला, विचार बदलून मधे आला, पहिल्या पिनेला हळूच टेकला. ती पडली. मग तिच्या शेजारची. मग, भांड्यांची चळत कलंडावी तशा, सगळ्याच.

नॉर्बर्ट उडी मारून उठला. “आत्याऽऽ!” हॅमर्स गेल्यापासून तो असा ओरडला नव्हता.

सगळं तळघर त्याच्याकडे वळलं. आत्या वळली नाही. चेंडू निसटू नये म्हणून हाताला चोळलेली खडूची पूड झटकत म्हणाली, “त्या गृहस्थांना सांगा, ते दुसऱ्या बाजूचे आहेत.”

तो खाली बसला. गसने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, ते त्याला जास्तच लागलं. कमजोर संघाला आधीच थोडे गुण बहाल करायचा नियम आहे, त्यामुळे बायका जिंकल्या. तो नियम नसता तरी जिंकल्या असत्या असं गस मार्लीनला खासगीत म्हणाला.

सेंट बार्बराची रीत अशी, की खेळ संपला की पाहुण्या संघाने आधी जेवायचं, यजमानांनी मागून. वर हॉलमध्ये टेबलावर इस्त्रीचा कपडा, निळ्या काठाच्या चांगल्या बशा, प्रत्येकाला घडी घातलेला रुमाल. नॉर्बर्टने जन्मात त्या बशीत खाल्लं नव्हतं. तो आजवर चुलीशी उभा राहून, बोटं भाजत, थेट तव्यातल्या पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, उचलायचा, आणि आत्या त्याच्या हातावर डाव मारायची. आज आत्याने त्याच्या बशीत पिरोगी वाढल्या. कांदा वरून, साय बाजूला, अगदी नीट.

“आणखी घ्या ना, मिस्टर स्लाडेक,” ती म्हणाली. “पाहुण्यांनी लाजू नये.”

डावाने मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. बशी अर्धी तशीच टाकून तो उठला. जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं, बशी उचलली आणि थेट स्वयंपाकघरात शिरला.

“पाहुण्यांनी भांड्यांना हात लावायचा नसतो,” मिसेस कोवाच म्हणाल्या.

“मी पाहुणा नाही,” नॉर्बर्ट म्हणाला. हे वाक्य त्याला चांगलं ठणकावून म्हणायचं होतं. पण ते शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखं निघालं.

कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. त्याने नळ सोडला. आपली बशी घासली, पुसली, फळीवर ठेवली. मग गसची घासली. मग एल्मरची. कान इतके लाल झाले होते की मागूनही दिसत होते. मागे दार उघडल्याचं त्याला ऐकू आलं, पावलंही ओळखू आली, पण मान वर करायचा धीर होईना.

आत्या त्याच्या मागून भट्टीपाशी गेली. सकाळपासून कोबी भाजून भाजून तळाला काळा थर चढलेला सर्वांत मोठा ट्रे तिने दोन्ही हातांनी उचलला आणि धाडकन त्याच्या पुढ्यात ठेवला.

“बाह्या वर कर आधी,” ती म्हणाली. “किती वर्षं सांगतेय तुला.”